उंबरठ्यावरचं सोनं

आमच्या गल्लीतला लाइनमन खांबावर चढताना स्वतःलाच म्हणायचा, "चाल राजा, चाल." त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल चट्टे आणि बारीक फोड असायचे. गल्लीने परस्पर ठरवून टाकलं, खरूज! दसऱ्याला सगळे एकमेकांच्या हातात सोनं द्यायचे. हा मात्र आपट्याची पानं आमच्या उंबरठ्यावर ठेवायचा आणि लांबूनच नमस्कार करून जायचा.

मग भंडाऱ्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, की ही खरूज नव्हेच. कामाच्या रबरी हातमोज्यांतलं रसायन याच्या कातडीला सोसत नाही. आत सुती मोजे घाल. बायकोने आपल्या जुन्या फुलाफुलांच्या पातळाचे शिवून दिले. काळ्या रबरातून ती गुलाबी फुलं डोकावायची. पोरं हसली की तो खांबावरूनच ओरडायचा, "काय हसून राहिले बे? लाइट पाहिजे ना तुमाले?"

पुढच्या दसऱ्याला बाबांनी सवयीने उंबरठ्याकडे बोट दाखवलं. तो हलला नाही. "नाही मास्तर, औंदा हातातच घ्या."

बाबांनी हात पुढे केला. पानं देऊन झाली तरी त्याने तो सोडला नाही. आईने चहा आणला, तेव्हा बाबाच हसून म्हणाले, "अरे बाप्पा, कप तं धरू दे!"