ती चूक नानांची नव्हती

नानांनी तो शब्द बरोबर पास केला होता.

आज सकाळी सव्वानऊ वाजता मी दुकानात एका पत्रिकेचं प्रूफ वाचत होतो. पाचोऱ्याहून फोन आला. नाना गेले.

प्रूफ बाजूला ठेवलं. दुसरं काही सुचेना, म्हणून हे लिहायला बसलो.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. जळगावच्या एका छापखान्यात नाना मुद्रितशोधक होते. पाचोऱ्याहून रोज पॅसेंजरने यायचे. मी नववी नापास, पण शुद्धलेखन चांगलं, म्हणून मालकांनी ठेवून घेतलेला. मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो.

भाऊंनी छपाईचे शिशाचे खिळे भंगारात काढले आणि कॉम्प्युटर आणला. तीन महिन्यांचा क्लास करून मी ऑपरेटर झालो.

क्लासमधल्या सरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. सेटिंगला हात लावायचा नाही.

मी लावला नाही. माझा स्वभावच तसा. एखादा मेनू चुकून उघडला तरी घाम फुटायचा.

पहिल्या दिवशी मी मराठी फॉन्टमध्ये एक पत्रिका टाइप केली. नाना मागे स्टुलावर बसले होते.

स्क्रीनवर प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ.

नानांनी तीस वर्षं लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या होत्या. ते स्क्रीनजवळ वाकले आणि हळूच म्हणाले,

"हाई मशीन कोणता कोश वापरस रे?"

मला माहीत नव्हतं. मशीन आपलं मराठी इंग्रजी समजून वाचतंय आणि म्हणून सगळंच चूक ठरवतंय, हे तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

नाना घरी जाऊन कोश उघडायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी 'निमंत्रण' हा शब्द तीन वेळा पाहिला.

निमंत्रण. तीस वर्षं रोज पास केलेला शब्द.

कागद वाचवायचा म्हणून भाऊंनी प्रूफ स्क्रीनवरच वाचायला सांगितलं. चौदा इंची काच, त्यात पाव पान मावायचं. वरची ओळ एकदा वर सरकली की नाना हरवायचे. त्यांना ओळीखाली पट्टी धरून वाचायची सवय. त्यांनी स्टीलची पट्टी काचेवर धरली. काचेवर ओरखडे पडतील म्हणून भाऊ चिडले.

पट्टी खिशात गेली.

आणि त्या चौकटी. काहीही करायला गेलं की मध्येच उगवायच्या. नाना मला प्रत्येक चौकट वाचून अर्थ सांगायला लावायचे. मशीन विचारायचं, तुमची खात्री आहे का? नाना म्हणायचे, "खात्री नसती तर पाचोऱ्याहून कशाला आलो असतो?"

ते मागे नसले की मी न वाचताच ओके दाबायचो.

तीन महिन्यांत नाना बदलले. पूर्वी एकदा वाचून सही करणारा माणूस तीन-तीनदा वाचायला लागला. 'आशीर्वाद' बरोबर आहे ना, हे मला विचारायला लागला. मला, नववी नापासला.

मग ते गंधमुक्तीचं, म्हणजे उत्तरकार्याचं, कार्ड आलं. दुःखाचं काम, म्हणून घाई होती. वारलेल्या बाईंचं नाव रमाबाई. नानांनी स्क्रीनवर वाचलं, रजिस्टरमध्ये सही केली आणि गाडीला निघून गेले.

ते गेल्यावर मला वाटलं, नाव उठून दिसायला हवं. 'कै.' वरच ठेवून मी नाव खोडलं आणि खालच्या ओळीवर मोठ्या अक्षरात पुन्हा टाइप केलं. नजर कीबोर्डवर होती.

ओळीची सुरुवात म्हणून मशीनने पहिलं अक्षर आपल्या मनाने कॅपिटल केलं. इंग्रजीत त्याने काही बिघडलं नसतं. आमच्या फॉन्टमध्ये छोट्या अक्षराचा 'र' आणि कॅपिटलचा 'श्र'.

प्रिंट देताना नेहमीची चौकट आली. न वाचताच ओके दाबलं.

कार्डं वाटून झाली. तिसऱ्या दिवशी बाईंचा मुलगा आला. आवाज न चढवता त्याने कार्ड टेबलावर ठेवलं.

कै. श्रमाबाई.

भाऊंनी रजिस्टर उघडलं. सही नानांची.

मी तिथेच उभा होतो. पुन्हा टाइप मी केलं होतं, हे मला त्याच क्षणी आठवलं. जीभ उचलली नाही.

नानांनी कार्ड हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. "सुटलं असेल माझ्या नजरेतून," म्हणाले.

त्यांना ते खरं वाटलं. तीन महिने प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ पाहिलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

भाऊ म्हणाले, आता राहू द्या नाना, चुका कॉम्प्युटरच दाखवतो. नाना दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

चारेक महिन्यांनी धुळ्याहून मशीन दुरुस्त करणारा आला. त्याने दोन छोट्या चौकोनांतल्या बरोबरच्या खुणा काढल्या. लाल रेघा गेल्या. कॅपिटलही बंद. अर्धं मिनिट लागलं.

त्या रविवारी मी पाचोऱ्याला गेलो. सांगितलं की नाना, अक्षर मशीनने बदललं होतं, तुमची चूक नव्हती.

नानांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला, अक्कांना, हाक मारली.

"आयकं का? मन्ही नजर बरोबर व्हती."

अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना नाना पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. मशीन असं आपल्या मनाने बदलतं? न विचारता?

मी म्हणालो, हो नाना, न विचारता.

नाव मी खोडून पुन्हा टाइप केलं, तेही त्यांना न विचारता, हे सांगितलं नाही. त्या जेवणात तेवढंच सांगायचं राहिलं. नंतर त्यांच्याकडे कितीदा गेलो, तरी राहिलंच.

आता अक्काही नाहीत. सांगायचं कोणाला, म्हणून इथे लिहितोय.

नाना, मशीनने एक अक्षर बदललं. सही झालेल्या मजकुराला हात मी लावला. भाऊंसमोर गप्पही मीच राहिलो.

दुपारच्या गाडीने पाचोऱ्याला येतोय. शेवटचा नमस्कार तिथेच करीन.