सायकलच्या ट्यूबचं वायसर

लातूरच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही, त्यानंही माझं विचारलं नाही. माझी नवी छऱ्याची बंदूक हवा सोडत होती, म्हणून निलंग्याहून एसटीनं त्याच्याकडं नेली. वॉरंटीत दुरुस्ती फुकट होती, पण बंदूक घरी खोलली असली तर वॉरंटी बाद.

"खोलली होती का, आजोबा?"

"न्हाई," मी ठणकावून सांगितलं.

त्यानं वरचा ओठ जिभेनं ओला केला आणि बंदुकीच्या जोडाजवळ नेला. जिथं निसटत्या हवेनं ओठाला गार लागलं, तिथंच खोललं. आतलं वायसर चिमट्यात धरून म्हणाला, "कंपनी लई गरीब झाली की! सायकलच्या ट्यूबचं वायसर घालायली."

मी कबूल केलं, "मीच कापलं."

"कापलंय मात्र झकास गोल. कंपनीचं फेकलं का?"

फेकणारा मी नव्हे. बंडीच्या खिशातून काढून दिलं. त्यानं ते उजेडात फिरवलं. कडेला साच्यातलीच चीर होती.

"तुम्ही खोललं हे बी लिहितो, चूक कंपनीची हे बी लिहितो. वॉरंटी चालंल."

नवं वायसर बसवून त्यानं पुन्हा ओठ लावून बघितला. मग माझं रबर माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे तुमच्या कंपनीचं."

शाळेत दोन वर्षं गेलो, शाबासकी कधी मिळाली नाही. ते रबर अजून बंडीच्या खिशात आहे.