विहिरीचा सुलहनामा

माझ्यासारखा शहाणा औरंगाबादच्या अदालतीनं दुसरा पाहिला नसेल! हसू नका, आधी ऐका. चहा गार झाला तरी चालेल.

निजामाचं राज्य होतं. माझ्या आणि रहीमभाईच्या शेतांच्या बांधावर एक विहीर. मी म्हणायचो माझी, तो म्हणायचा त्याची. सात वर्षं दावा चालला! निकालाची तारीख लागली, तसा मी आदल्या दिवशीच शहागंजात बहिणीकडं मुक्कामाला आलो. उशीर नको ना व्हायला!

सकाळी अदालतीसमोर उभा, तर काय बघतो? रहीमभाईची बैलगाडी आली आणि तिच्यातून उतरले केशवतात्या! गावचे जुने पटवारी. विहीर कुणाच्या हद्दीत, हे तेवढ्या एकाच माणसाला पक्कं ठाऊक. आणि रहीमभाई त्यांना हात देतोय, पाणी पाजतोय, वर पान लावून देतोय!

म्हातारा फुटला! आता विहीर गेली, पाण्याचा थेंब मिळायचा नाही, उभा ऊस वाळणार.

माझे वकीलसाहेब अजून यायचे होते. थांबलो का? छे! थेट रहीमभाईला गाठलं.

"मिटवून टाकू. विहीर तुझी. मला आठवड्याला दोन दिवस मोट धरू दे."

"खरं म्हणतो, बापू?"

"खरं! पण आत्ताच्या आत्ता!"

अदालतीतल्या अर्जनवीसानं उर्दूत सुलहनामा, म्हणजे तडजोडीचा कागद, लिहिला, दोघांनी सह्या केल्या, मुन्सफसाहेबांनी मोहोर मारली. झालं!

बाहेर येतो तर वकीलसाहेब घामाघूम.

"बापूसाब, गवाह आया ना? कल शाम गाव में आदमी भेजा था, तात्या को लाने."

"कुणाचा गवाह?"

"आपका! और किसका?"

मी रहीमभाईवर उखडलो. "मग तू कशाला आणलंस त्यांना?"

"वकिलाचा माणूस आला तवा तू गावात नव्हता. म्हातारं माणूस सहा कोस पायी येतंय व्हय? गाडीत तात्या म्हणाले, विहीर बापूचीच हाय. म्हटलं, चला, आज हरायचं! अन् तूच मिटवू म्हणाला. मला वाटलं, बापूचं मन लई मोठं!"

मन कसलं मोठं, डोंबल! असा संताप आला, पण काढणार कुणावर?

परतायला दुसरी गाडी नव्हती. गुमान रहीमभाईच्या गाडीत बसलो. आणि सहा कोस तात्या मला बांधाचा एकेक दगड सांगून पटवत होते, विहीर माझीच कशी ते!