दोन रिंगांचा प्लॅन

मनांग सोर्स्याची कॅनडाला जायची बॅग एका दुपारीत भरून झाली. सुके मासे, सुके आंबे, नातवासाठी विणलेले मोजे आणि वर मेरीमातेची तसबीर. वर्षभरासाठी निघालेली बाई, कदाचित दोन वर्षंही लागतील; पण तिला ना थंडीची धास्ती, ना विमानाची. तिचं घोडं अडलं होतं फोनपाशी.

मी व्हिसिंग. मनांग म्हणजे मोठी ताई. फिलिपाईन्समधल्या इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान आहे. तांदूळ, साबण, खारवलेली अंडी आणि लोड. फोनच्या रिचार्जला आमच्याकडे लोड म्हणतात. कुणाच्या फोनमधला लोड कधी संपतो हे त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळतं. त्यामुळे फोनचा काही घोळ झाला की माणसं माझ्याकडे येतात, आणि मला कळत नसलं तरी मी सल्ला देते. दुकानात बसून गप्प राहिलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं.

मनांगची मुलगी मिर्ना विनिपेगला नर्स आहे. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून आईला बोलावलेलं. तिने मोठा चकचकीत फोन पाठवला होता आणि रोज व्हिडिओवर सांगत होती, "नानाय, तो जुना नंबर सोडा आता. इथे आलात की इथलं कार्ड घेऊ. स्वस्त पडतं."

मनांग मान डोलवायची, आणि फोन ठेवला की माझ्यापुढे येऊन म्हणायची, "व्हिसिंग, नंबर सोडायचा नाही. दुसरं काय ते सांग."

कारण त्या नंबरात रेनांते होता.

रेनांते तिचा धाकटा. सात वर्षांपूर्वी बापाने सगळ्या गल्लीदेखत त्याच्या कानाखाली वाजवली, कारण काय ते आता कुणाला धड आठवतही नाही. पोराने पिशवी उचलली आणि दक्षिणेकडच्या मासेमारी बोटींवर गेला. बाप पुढे वारला, तेव्हाही पत्ता नाही. फक्त अधूनमधून मनांगच्या जुन्या, बटणांच्या फोनवर दोन रिंगा वाजत आणि बंद होत. नंबर दर वेळी वेगळा. मनांगने एकदोनदा उलटा फोन केला, तर कुणी बाजारातला माणूस खेकसला, "इथे शंभर जण फोन मागतात बाई, कुणाकुणाचं नाव विचारू?"

मनांगला मात्र कसलीच शंका नव्हती. "बोट किनाऱ्याला लागली की मिसकॉल देतो पोर माझा. 'जिवंत आहे' म्हणून सांगतो."

मिसकॉलचा नियम आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे: तो उचलायचा नाही. उचलला की समोरच्याचा लोड जातो, आणि गरिबाचा लोड खाणाऱ्याला माणसं नावं ठेवतात. म्हणून मनांग त्या दोन रिंगा हात जोडून ऐकायची. मला मनातून वाटायचं, कसला रेनांते! चुकून लागलेले नंबर असतील. पण आईला हे कोण सांगणार? मी नाही सांगितलं.

तर आता प्रश्न असा की कॅनडात बसून त्या दोन रिंगा कशा ऐकायच्या.

आम्ही दोघी जीपनीने, म्हणजे इथल्या वडापच्या जीपने, शहरात गेलो, मॉलमधल्या फोनच्या दुकानात. काउंटरवर एक गोड मुलगी होती. तिने भिंतीवरचे रंगीत तक्ते दाखवायला सुरुवात केली. एकात रोजचे पैसे, एकात आठवड्याचे. एकात इंटरनेट भरपूर पण बोलणं नाही. एकात बोलणं भरपूर, पण फक्त आशियात. एक कार्ड तर असं, जे हातात येतच नाही. फोनच्या आतच कुठेतरी असतं म्हणे.

"दिसत नाही, मग हरवलं तर शोधायचं कुठे?" मनांगने विचारलं.

"हरवतच नाही, लोला," ती म्हणाली. लोला म्हणजे आजी.

"दिसत नाही आणि हरवत नाही. व्हिसिंग, हे चर्चमध्ये मिळायला हवं."

मुलगी हसली आणि कागद पुढे ओढून म्हणाली, "बरं लोला, तुम्ही महिन्याला किती मिनिटं बोलता?"

"एकही नाही."

"मग मेसेज?"

"डोळ्यांना दिसत नाहीत."

"इंटरनेट?"

"ते मिर्नाच्या घरी आहे."

मुलीने पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला प्लॅन हवाय कशासाठी?"

"रिंगसाठी," मनांग म्हणाली. "दोन रिंगा. उचलायच्या नाहीत."

त्या मुलीने तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन साहेबाला घेऊन आली. साहेबाने आणखी तीन प्लॅन सांगितले. फोन उचलला नाही तर तो दुसऱ्या नंबरावर पाठवायचीही सोय आहे म्हणाला. मी लगेच हिशेब घातला: पाच-सहा रिंगा वाजल्यावर फोन पुढे जाणार आणि हा तर दोनातच तोडतो. म्हणजे रिंग वाटेतच मरणार. जुनं कार्ड परदेशात चालू ठेवता येईल, पण मिर्नाच्या चकचकीत फोनला एकाच कार्डाची जागा, तीही तिकडच्या कार्डासाठी राखलेली, आणि बटणांचा फोन तिकडे चालेल की नाही याची खात्री साहेबालाही नाही. "बहुतेक चालेल," म्हणाला. या 'बहुतेक'वर कुणी आपलं पोर ठेवतं का?

एक ना धड भाराभर चिंध्या. बाहेर येऊन आम्ही बाचॉयचे दोन वाडगे घेतले. मनांगने चमचाही उचलला नाही. नूडल्स फुगून रस्सा पिऊन बसल्या.

"जातच नाही मी," ती म्हणाली. "मिर्नाला सासू आहे. रेनांतेला कोण आहे?"

तिचं ते तोंड मला बघवेना. मी पटकन बोलून गेले, "कार्ड माझ्याकडे ठेव. फोन माझ्या दुकानात टांगते. वेळच्या वेळी लोड टाकून नंबर जिवंत ठेवीन. वाजला की तुला कळवते."

मनांगने मग चमचा उचलला. "उचलायचा नाही हं, इनदाय, पोरी."

"नाही उचलणार."

"तुझी जीभ लांब आहे, हातही लांब असेल."

"अगं, नाही म्हटलं ना! खा आता."

विमानतळावरच्या रांगेतूनही मागे वळून ती हाताने फोन कानाला लावल्यासारखं करत होती आणि मान हलवत होती. उचलायचा नाही.

तिचा फोन मी दुकानातल्या खिळ्याला टांगला. शेजारच्या खिळ्याला माझा लोडचा फोन, तसलाच, बटणांचा. महिने गेले. तिकडे नातू झाला, मनांग बर्फात पडली, उठली. रोज सकाळी मिर्नाच्या चकचकीत फोनवरून पहिला प्रश्न, "वाजला?" मी म्हणायची, "नाही गं." तिचं तोंड पडायचं आणि मला उगीच अपराधी वाटायचं, जणू रिंग मीच गल्ल्यात दडवून ठेवली होती.

त्या दिवशी सकाळी दुकानात झुंबड होती. शाळेची पोरं, पाववाला, उधारीवाली एक बाई, आणि समोर माझ्या व्हिडिओच्या मोठ्या फोनवर मनांग. इकडे सकाळ, तिकडे अजून कालचीच संध्याकाळ चाललेली. ती नातवाची ढेकर ऐकवत होती. इतक्यात खिळ्यावर फोन वाजला. मी न बघता हात मागे नेला, फोन कानाला लावला आणि सवयीने ओरडले, "हां बोला, कुठला नंबर, कितीचा लोड?"

पलीकडे फक्त वारा आणि इंजिनाची धडधड.

मी फोनकडे पाहिलं. चुकीचा खिळा होता.

 उचलला मी. इतकं बजावलं होतं आणि उचलला. तोडू की ठेवू, काय करू, काही सुचेना.

मग एका पुरुषाचा आवाज आला, घाबरल्यासारखा. "नानाय कुठे आहे? तू कोण? नानाय... आहे ना?"

"रेनांते?"

"मनांग व्हिसिंग?" पोराने माझा आवाज ओळखला. या माणसाला मी सात वर्षं मनातून 'चुकून लागलेला नंबर' म्हणत होते.

"आहे, तुझी आई धडधाकट आहे! मेल्या, बोलत का नाहीस कधी? दोन रिंगा देऊन पळतोस!"

तो मग म्हणाला, "ती उचलत नाही ना. दर वेळी वाटायचं, आज उचलेल. दोन रिंगा झाल्या की धीर सुटायचा. म्हटलं, बघत असेल आणि उचलत नसेल. घर सोडून गेलो, त्याचा अजून राग गेला नसेल."

  पाववाला पाव घेऊन तसाच उभा. सात वर्षं आई त्याचा लोड वाचवत होती आणि पोराला वाटत होतं, आई रुसली आहे.

"गाढवा," मी ओरडले, "तुझा लोड जाईल म्हणून उचलत नव्हती रे ती!"

मी मोठा फोन उचलला. त्यात मनांग नातवाला खांद्यावर घेऊन, डोळे फाडून माझ्याकडे पाहत होती. "व्हिसिंग, तू उचललास! व्हिसिंग!"

"गप्प बस आणि बोल," मी म्हटलं, आणि दोन्ही फोन एकमेकांना उलटसुलट चिकटवून धरले, याचं तोंड त्याच्या कानाला.

"नानाय," लहान फोन म्हणाला.

मोठ्या फोनातून मग मनांग घाईघाईने म्हणाली, "टोटो, बाळा, तुझा लोड जाईल रे. ठेव, ठेव लवकर."

"जाऊ दे, नानाय," तो म्हणाला. "जाऊ दे."