यादीतून राहून गेलेली जानकी

आमच्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाची एक पद्धत होती. भाषणं झाली, शाळेला भेट म्हणून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ मुख्याध्यापकांच्या हाती दिलं, की शेवटी वर्गातल्या एकाने उभं राहून 'वीस वर्षांनंतर' वाचायचं. वर्गातला कोण पुढे काय होईल, कुठे असेल, ते गमतीत सांगायचं. २००६ साली परुळेकर बाईंनी ते काम मला दिलं. माझं अक्षर बरं होतं आणि तोंड सुटं होतं, एवढीच माझी पात्रता.

तीन दिवस बसून मी लिहिलं. जितेंद्रला जिल्हाधिकारी केलं, कारण मॉनिटर असताना तो दुसऱ्यांना गप्प बसवायचा आणि स्वतः बोलायचा. दीपिकाला हवाई सुंदरी केलं. स्वतःसाठी टीव्हीवरच्या बातम्या राखून ठेवल्या. आता सांगायला हरकत नाही, जितेंद्र देवगडला मामाच्या हापूसच्या बागा सांभाळतो. दीपिका लग्न होऊन इन्सुलीला गेली, तिथे हायवेवर तिची खानावळ आहे आणि नाक्यावर थांबणारे ट्रकवाले तिला जरा वचकून असतात. मी कणकवलीत एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि घरी दोन पोरं सांभाळते.

त्या दिवशी मात्र वर्ग पोट धरून हसत होता. वाचून झालं, टाळ्या पडल्या, मी कागद घडी करून खाली बसणार तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"बाई, माझं राहिलं."

जानकी कुबल उभी होती. वर्गात आम्ही एकतीस जण होतो आणि मी तीस जणांचं लिहिलं होतं. मुद्दाम नव्हे. ती आठवड्यातले तीन दिवस शाळेत, तीन दिवस आईबरोबर मासळीच्या लिलावात. आली तरी खिडकीशी बसायची आणि बाहेर बघायची. मला ती आठवलीच नव्हती, आणि ते मला सर्वांसमोर कळलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं. तिच्या बाबांची होडी आहे एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"जानकी बापाशीची होडी चलयतली," मी म्हटलं.

वर्ग इतका हसला की बाजूच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहिले. आमच्याकडे बायका मासे विकतात, जाळी विणतात, सुकवतात, पण होडीच्या मागच्या टोकाला, सुकाणूपाशी बाई बसलेली कोणी पाहिली नव्हती. जानकी हसली नाही, रागावलीही नाही. तिने मला विचारलं, "इंजिनाची की वल्ह्याची?"

"इंजिनाची," मी म्हटलं.

"बरा," म्हणाली आणि खाली बसली.

आमचं गाव मालवणपासून रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटांवर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये माडांची एक पट्टी. दहावीनंतर मी शिकायला बाहेर पडले आणि त्याच सुमारास गावात पर्यटक येऊ लागले. जानकीच्या बाबांनी, दत्ताराम काकांनी, मासेमारी कमी करून होडीवर छप्पर चढवलं, बाकं ठोकली आणि लोकांना खाडीच्या तोंडाबाहेर डॉल्फिन दाखवायला न्यायला सुरुवात केली. चार-पाच हंगाम बरे गेले. मग काकांना दूरचं दिसेनासं झालं. मोतीबिंदू काढला तरी नजर पूर्वीसारखी आली नाही. थोरला भाऊ गोव्यात हॉटेलात होता, त्याला समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं. होडी विकायची बोलणी सुरू झाली. गिऱ्हाईक होडी बघायला आलं, तेव्हा जानकीनेच ती खाडीत फिरवून दाखवली. तो माणूस उतरताना काकांना म्हणाला, "होडी बरी आसा, पण चेडू तुमचा होडयेपेक्षा बरा चलयता. इकतास कित्याक?"

पोरीचं हे कौतुक ऐकून काकांनी होडी विकली नाही. जानकी मालवणला जाऊन परवान्याचा अर्ज घेऊन आली. तिथल्या बंदर कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "कोणाच्या नावाने भरणार?" ती म्हणाली, "माझ्या." साहेबांनी चष्मा पुसला आणि कुठे सही करायची ते तिला नीट समजावून सांगितलं. परवान्याच्या परीक्षेत पहिल्या खेपेला लेखी प्रश्नांत ती अडली. दुसऱ्या खेपेला पास झाली.

खरी अडचण जेटीवर होती. तिथे होड्या नंबराने सुटतात. नंबर लावायचे दाजी, म्हणजे जेटीवरचे सगळ्यात जुने होडीवाले. एका पाटीवर ते खडूने नावं लिहीत. जानकी आली तेव्हाही त्यांनी पाटीवर 'दत्ताराम' हेच नाव ठेवलं. दाजी वाईट माणूस नव्हे. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं, "बाय, माझा काय म्हणणा नाय. पण बायलमाणूस बघून गिऱ्हाईक बसाचा नाय."

आणि तसंच झालं. तिचा नंबर आला की लोक होडीपर्यंत यायचे, तिला बघायचे, आपापसात कुजबुजायचे आणि पुढच्या होडीत जाऊन बसायचे. एकाने तर "ड्रायव्हर कुठेय?" असं विचारलं, ती "मीच" म्हणाली, आणि तो आपल्या मुलाला कडेवर घेऊन निघून गेला. असे नऊ दिवस गेले. ती रोज होडी धुवायची, इंजिन पुसायची, संध्याकाळी परत न्यायची. दहाव्या दिवशी सकाळी ती आईला म्हणाली, "आज शेवटचो दिस. उद्यापासून लिलावाक येतंय."

त्या दिवशी गडहिंग्लजकडच्या एका गावातून बचत गटाच्या बायकांची सहल आली. बावीस जणी. त्यांच्या म्होरक्या हौसाबाई, साठीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात पाण्याचा कॅन. बायका पहिल्या दोन होड्यांत चढल्यासुद्धा होत्या. हौसाबाई मागे राहिल्या, कारण जेटीच्या टोकाला त्यांना इंजिन उघडून बसलेली एक मुलगी दिसली.

"होडी कुणाची गं?"

"बाबांची."

"आणि चालवतं कोण?"

"मी."

हौसाबाईंनी वळून हाक दिली, "उतरा गं समद्या खाली. आपण हिच्या होडीत बसायचं."

बायका उतरल्या. दाजी पुढे आले आणि म्हणाले की तिचा नंबर सातवा आहे, नियम म्हणजे नियम. हौसाबाईंनी वाद घातला नाही. "नियम मोडू नका. आम्ही थांबतो," म्हणाल्या, आणि बावीस जणी जेटीवर फतकल मारून बसल्या. भाकऱ्या निघाल्या, ठेचा निघाला. जानकीच्या हातातही एक भाकरी आली. मधल्या होड्यांना दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे त्या सुटेनात, आणि त्या सुटल्याशिवाय सातवा नंबर येईना. तासाभराने दाजींनीच हात टेकले.

"जा गो बाय, घेवन जा तेंका. माझी जेटी मोकळी कर."

दोन खेपा कराव्या लागल्या. पहिल्या खेपेचं तिनेच मला नंतर सांगितलं. खाडीच्या तोंडाशी लाटा एकावर एक येतात, तिथे दोन लाटांमधली फट बघून होडी काढायची असते, घाई केली तर पाणी आत. तिने थांबून तीन लाटा जाऊ दिल्या आणि चौथीच्या पाठीवरून होडी अलगद बाहेर काढली. बायकांना त्यातलं काही कळलं नाही. त्या गाणी म्हणत होत्या. डॉल्फिन दिसले तेव्हा मात्र गाणं अर्ध्यावर राहिलं. हौसाबाईंनी विचारलं, "मला धरू देशील का गं जरा?" आणि शांत पाण्यात आल्यावर जानकीने त्यांचा हात सुकाणूवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जेटीवर गेली तर दाजी पाटीवर नावं लिहीत होते. 'दत्ताराम' पुसून त्यांनी 'जानकी' लिहिलं आणि खडूची बोटं धोतराला पुसली.

तिचं लग्न दीपिकाने जुळवलं. इन्सुलीत शेजारचा दत्तप्रसाद हॉटेलात स्वयंपाकी होता. शांत मुलगा, घरची भातशेती आणि काजू. बघायला आला तेव्हा जानकीने पोहे ठेवले आणि थेट विचारलं, "मी होडी सोडूचंय नाय. चलात?"

तो म्हणाला, "माका पोहूक येणा नाय. तू सोडलंस तर होडी कोण चलयतला?"

लग्नानंतर तोच आमच्या गावात राहायला आला. आता त्यांच्या घराच्या तीन खोल्या पर्यटकांना दिल्या आहेत. स्वयंपाक तो करतो, समुद्र ती बघते. तो जेटीपर्यंत डबा घेऊन येतो आणि लाकडी फळीच्या अलीकडेच उभा राहतो. त्यांची तन्वी अकरा वर्षांची आहे, ती माशासारखी पोहते आणि बापाला चिडवते.

यंदा जानेवारीत आमच्या दहावीला वीस वर्षं झाली म्हणून सगळे गावात जमलो. एकोणीस जण आले. दुपारी जानकीने सर्वांना दोन खेपांत होडीतून नेलं. माझा जिल्हाधिकारी जितेंद्र खाडीच्या तोंडापाशीच पांढराफटक पडला आणि परत येईपर्यंत दीपिकाच्या ओढणीचं टोक धरून बसला.

संध्याकाळी बाकीचे पांगले, मी जानकीकडे राहिले. बरीच वर्षं मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं. मी तिला विसरले होते, पण तोंडातून निघालेलं तेवढं एकच भविष्य खरं ठरलं, असं काहीसं. थोडा अभिमानही होता माझ्या आवाजात.

ती दत्तप्रसादसाठी सुरमईचे तुकडे करत होती. तिने मान वर केली.

"तू सांगलंस म्हणान नाय गो. मी आठ वर्षांची असल्यापासून चलयत होतंय. पाटे बाबांवांगडा जायचंय, दिस उगवूच्या आत परत, म्हणान कोणी बघूक नाय. तू सांगलंस तेव्हा माका वाटला, हिका कोणी सांगला?"

वीस वर्षं मी स्वतःला जे श्रेय देत होते ते तिने चार वाक्यांत काढून घेतलं, आणि गंमत म्हणजे मला हलकं वाटलं. मग आम्ही दोघी हसत सुटलो. दत्तप्रसाद आतून बघायला आला की काय झालं.

जेवताना तिने सांगितलं की किशोरी आणि भक्ती या गावातल्या दोन मुली तिच्याकडे शिकतात. किशोरीला परवाना मिळाला आहे, भक्ती लाटेला घाबरते पण इंजिन जानकीपेक्षा चांगलं उघडते. दाजी आता थकले आहेत. ते सकाळी येऊन खुर्चीवर बसतात आणि या दोघींच्या चुका मोठ्याने सांगतात.

सोमवारी सकाळच्या एसटीने मी निघाले. जानकी थांब्यापर्यंत आली. तिचे केस ओले होते, हाताला डिझेलचा वास होता. तिने माझ्या पिशवीत सुकटीची पुडी टाकली.

"परत कधी येतलंस?"

"बघूया, रजा मिळाली तर."

"एप्रिलात ये," ती म्हणाली. "पाणी नितळ आसता. आनी पोरांका घेवन ये."