खिशातली बॅटरी आणि कढईतलं तेल

डॉक्टरीणबाईंनी माझ्या नवऱ्याच्या उजव्या तळहातावर कागदाची एक पट्टी टेकवली. पिवळट पट्टी बघता बघता निळी झाली. ती माझ्या तोंडासमोर धरून त्यांनी विचारलं, "उकळतं तेल उडालं म्हणालात ना? तेलानं हा कागद निळा होत नाही. कोण खोटं बोलतंय?"

खोटं मी बोलत नव्हते. मला जे सांगितलं होतं, तेच मी पुढे सांगत होते. सांगणारे, म्हणजे माझे मोठे दीर शरदभाऊजी, वॉर्डाच्या दाराशी उभे होते. त्यांनी एकदम मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"हे अल्कलीनं भाजलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अल्कली म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ. आग विझली की जळणं थांबतं, पण हा पदार्थ धुतला नाही तर आत खात राहतो. सकाळपासून तो सुनीलचा हात खात होता आणि आता संध्याकाळ झाली होती.

त्यांनी सरळ सुनीलना विचारलं, "खिशात काय होतं?"

सुनीलनी आधी भावाकडे पाहिलं. हाताची राख होत असताना माणूस परवानगी मागत होता! मला तिथेच त्यांच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. मग ते हळूच म्हणाले, "बॅटरी. वेपची."

घरात मी त्यांना अहोच म्हणते. इथे नाव लिहिते आहे, नाहीतर कोण कुणाचं ते वाचणाऱ्याला कळायचं नाही. सुनील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत फिटर होते. फिटरचं सगळं उजव्या हातात असतं. त्या हाताची बोटं राहणार की जाणार, एवढाच प्रश्न त्या संध्याकाळपासून आमच्या घरात उरला.

आधी वेपचं सांगते. ही विजेवरची सिगरेट. कंपनीत पोरं तिला पेन म्हणतात. गेटवर काडेपेटी, लायटर, बिडी सगळं काढून घेतात, कारण आत ठिणगी पडली तर वसाहत उडेल. पेनला ना काडी लागते ना राख पडते, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं की हिला आगीचं भय नाही. मीही खूश होते. घरात वास येत नव्हता, पडद्यांना भोकं पडत नव्हती. नुसती वाफ आहे, असं सुनील म्हणायचे आणि मला ते पटायचं.

या वस्तूवर आपल्याकडे बंदी आहे. त्यामुळे ती दुकानात मिळत नाही, आणि त्यामुळेच कोण कसली बॅटरी देईल त्याचा नेम नाही. लांब शिफ्टला एक बॅटरी पुरत नाही, म्हणून सुनीलनी मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून दुसरी घेतली. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली, वरचं प्लॅस्टिकचं साल फाटलेलं. कंपनीतलं लॉकर कधीही तपासतात, म्हणून ती कायम अंगावर. पँटच्या उजव्या खिशात, किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर.

त्या सकाळी काय घडलं ते मला नवऱ्यानं सांगितलं नाही की दिरानं. ते सांगितलं जानकीमावशीनं. कंपनीच्या गेटसमोर तिची वड्याची गाडी. बाई चिंचणीची. तिनं दवाखान्याचा पत्ता काढला आणि एवढ्या लांब मुंबईपर्यंत आली, ते सुनीलसाठी नव्हे, स्वतःच्या अब्रूसाठी.

"माजी कढय तं चुलीवर पन चडली नवती, बाय," ती वॉर्डाबाहेर माझा हात धरून म्हणाली. "तेल नाय न काय नाय. बसमधून उतरला, गाडीपाशी आला, न खिशातून फटाका फुटला. जाल निंगाला. त्यानी हात घातला खिशात काडाया, न तो हातालाच चिकाटला. मी पान्याची बादली घेऊन धावली."

"मग?"

"तुजे दिरानी बादली हिसकली. म्हने पानी नको, भडकल."

शरदभाऊजी त्याच कंपनीत ठेकेदाराचे सुपरवायझर. त्यांच्या प्लांटमध्ये सोडियम धातू वापरतात आणि सोडियमवर पाणी पडलं की स्फोट होतो. भिंतीवर तांबड्या अक्षरात लिहिलेलं असतं, पाणी वर्ज्य. बॅटरीत लिथियम असतं एवढं त्यांना ऐकून माहीत. सोडियम आणि लिथियम भाऊ-भाऊ, असा त्यांनी हिशेब केला. कॉस्टिकचा थेंब उडाला तर पंधरा मिनिटं शॉवरखाली उभं राहायचं, हे तिथला झाडूवालासुद्धा झोपेत सांगेल. पण पाण्याची बादली समोर असताना दोन्ही भाऊ कोरडेच राहिले.

डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या हसल्या. चांगलं हसू नव्हतं ते. "असल्या बॅटरीत मोकळा लिथियम धातू नसल्यातच जमा असतो. जळलेले कपडे काढून भरपूर पाण्यानं धुवायला हवं होतं. तुम्ही केमिकलवाले ना?"

भाऊजींची अक्कल इथंच थांबली असती तरी मी माफ केलं असतं. जिवाच्या धसक्यात माणूस चुकतो. पण पुढचं त्यांनी थंड डोक्यानं केलं. गेट चार पावलांवर, आत कंपनीचा डॉक्टर. तिथे नेलं असतं तर वेपचं नाव निघालं असतं, आणि सुनीलना त्यांनीच शब्द टाकून नोकरीला चिकटवलं होतं. म्हणून रिक्षात घालून बोईसरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं आणि वड्याचं तेल उडालं म्हणून सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी तेलाचं ऐकून तेलावरचे उपचार केले. मलम लावलं, गच्च पट्टी बांधली. दुपारपर्यंत पट्टीखाली बोटं काळी पडली, मग त्यांनी हात वर केले आणि मुंबईची चिठ्ठी दिली. मला आमच्या सरावली गावातल्या खोलीवरून थेट ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं. हायवेचा चिल्हार फाटा येईपर्यंत भाऊजी मला एकच वाक्य पढवत होते. "झाकली मूठ सव्वा लाखाची, वैशाली. तेल म्हणायचं."

त्या संध्याकाळी हात धुतला. तो कागद निळा व्हायचा थांबेपर्यंत धुतला. सुनील ओरडत होते ते मी कॉरिडॉरमध्ये ऐकलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा मला म्हणाला, "रडो मत, भाभी, यहाँ सब चिल्लाते हैं." खरंच सगळे ओरडत होते. तिथे कुणाला कुणाच्या ओरडण्याचं काही वाटत नाही, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मलाही वाटेनासं झालं.

फुल थिकनेस बर्न म्हणजे कातडीचे सगळे थर जळणं. तिथे दुखत नाही, कारण दुखणारे मज्जातंतूच मेलेले असतात. सुनील आनंदानं सांगायचे, अंगठ्याजवळ दुखतंय पण करंगळीकडे मुळीच नाही. मी डॉक्टरीणबाईंकडे पाहायचे आणि त्या खिडकीकडे.

डिब्राइडमेंट म्हणजे मेलेलं मांस खरवडून काढणं. दिवसाआड ते चालायचं. त्यानंतर स्किन ग्राफ्ट, म्हणजे चांगल्या जागेची पातळ कातडी काढून जखमेवर लावणं. उजवी मांडी जळालेली, म्हणून डावीची काढली. जिथे काहीच झालं नव्हतं तिथेही जखम झाली.

भेटायला येणाऱ्यांबद्दल लिहिते, कारण तुमच्यावर वेळ आली तर तेही सोसावं लागेल. मांडी भाजली म्हटल्यावर कंपनीतले दोघे एकमेकांना डोळा मारून विचारत होते, "बाकी सगळं शाबूत ना, वहिनी?" कंपनीत तेलच सांगितलं होतं, पण नातेवाइकांना वेपचं कळलं होतं. एक म्हणाले, निकोटिनचा स्फोट झाला. दुसरे म्हणाले, चायनाचा माल. जाऊबाई म्हणाल्या, "व्यसनाला फळ हे असतंच." सिगरेट वाईट, हे सगळ्यांना पाठ होतं. फाटक्या सालीची बॅटरी किल्ल्यांना घासली की तिची दोन टोकं जुळतात आणि ती पेटते, हे एकालाही ऐकायचं नव्हतं. व्यसनाचं फळ म्हटलं की आपला खिसा तपासायला नको ना!

डॉक्टरीणबाईंनी शेवटी मला खुर्चीवर बसवलं. "करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागेल. अंगठा आणि उरलेली दोन वाचतील, पण मधलं पूर्ण वाकेल याची खात्री नाही."

"सकाळीच धुतलं असतं तर?"

"सगळी वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण एवढं खोल गेलं नसतं." त्या पुढे म्हणाल्या, "आणि निदान पहिल्या डॉक्टरला खरं सांगायला हवं होतं. आम्ही देव नाही हो. तेल म्हटलं की आम्ही तेल शोधतो."

भाऊजी तेव्हा चहा प्यायला गेले होते. परत आल्यावर मी त्यांना सगळ्या वॉर्डासमोर बोलले. काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. ते म्हणाले, "मी त्याची नोकरी वाचवत होतो."

फिटरची नोकरी तशीही गेली. कंपनीनं दुसरं काही काम दिलं नाही, कारण अपघात गेटच्या बाहेर झाला होता आणि कागदोपत्री तो वड्याच्या तेलानं झाला होता. जानकीमावशीची गाडी कंपनीतल्या पोरांनी उलटवली ती वेगळीच. सुनील तिथे आवडते होते, त्यांना राग येणं साहजिक. त्यांना खरं सांगायला कुणी गेलं नाही.

घरी आल्यावर कॉन्ट्रॅक्चरशी गाठ पडली. कॉन्ट्रॅक्चर म्हणजे नवी कातडी आकसणं. बोटं पक्ष्याच्या पंजासारखी आत वळतात, ती रोज ओढून सरळ करायची. ओढायचं काम माझं. ते शिव्या देत, मी ओढत असे. कधी कधी मी रागानं जरा जास्तच ओढत असे, हेही लिहून टाकते.

मग पुतणीचा साखरपुडा आला. भाऊजींची थोरली. बोईसरच्या हॉलमध्ये खाली पंगत, अर्धी कंपनी जेवायला. सुनील पानावर बसले आणि डाव्या हातानं भात कालवायला लागले. जाऊबाई लगबगीनं आल्या आणि त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आत बसता का? मी चमचा देते. पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही."

सुनील उठायला लागले. मी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं.

समोरच्या ओळीतून नवऱ्या मुलाच्या काकांनी विचारलं, "हाताला काय झालं हो?"

शरदभाऊजी हातात जिलेबीचं ताट घेऊन वाढत होते. त्यांनी उत्तर तोंडात तयार ठेवलेलं असावं. "अहो, वड्याच्या गाडीवर तेल..."

"बॅटरी फुटली," सुनील म्हणाले. भावासमोर एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "वेपची. खिशात किल्ल्यांना लागून फुटली. तेल दादानं सांगितलं. बादलीभर पाणी होतं, तेही दादानंच ओतू दिलं नाही. जानकीमावशीचा काही दोष नाही." आणि त्यांनी उजवा हात उचलून सगळ्या पंगतीला दाखवला.

भाऊजींच्या ताटातल्या जिलेब्या एका बाजूला घसरल्या. मला त्यांची अजिबात दया आली नाही. फार दिवसांनी पोटभर जेवावंसं वाटलं.

तेवढ्यात समोरच्या ओळीत कंपनीतल्या तिघा-चौघांचे हात आपोआप खिशाकडे गेले. तेव्हा मला कळलं, कितीजण आहेत ते. दवाखान्यात डोळा मारणारा त्यांतच होता. त्यानं खिशातून पेन काढलं, एक सुटी बॅटरी काढली, दोन्ही उलटंपालटं करून पाहिली. मी मनात म्हटलं, चला, दोन बोटं कुणाच्या तरी कामी आली.

त्यानं दोन्ही वस्तू परत त्याच खिशात टाकल्या. किल्ल्यांचा आवाज मी ऐकला. मग त्यानं पान पुढे सरकवलं आणि भाऊजींना म्हणाला, "इकडे दोन जिलेब्या टाका."