हातोड्याची डावी भुवई

आमच्या मेहुण्याला सगळे हातोडा म्हणतात. त्याचा उजवा ठोसा बसला की समोरचा आडवा होतो आणि शुद्धीवर आल्यावर पंचांनाच विचारतो, काय झालं म्हणून. खोटं कशाला बोलू? पण स्वतःचं तोंड वाचवायचं म्हणाल तर नुसती बोंब. डावा हात हनुवटीपाशी ठेवायचा, एवढीच गोष्ट. पोरंटोरं आठ दिवसांत शिकतात. याला बारा वर्षांत जमलं नाही. डावा हात आपला कमरेशी लोंबतोय.

माझं केस कापायचं दुकान. तीस वर्षांत माझ्या वस्तऱ्यानं कुणाला ओरखडा काढलेला नाही. पण तुरटी लावून रक्त थांबवता येतं ना, मग मेहुण्याच्या लढतीत कोपऱ्यात उभं राहणं माझ्याच गळ्यात. दर फेरीनंतर तो स्टुलावर बसणार, मी त्याच्या भुवईवर बर्फ दाबणार आणि सांगणार, डावा हात वर ठेव. तो मान डोलावणार. घंटा झाली की पालथ्या घड्यावर पाणी.

आणि याचा धंदा कसला, तर काचा बसवायचा. पुरुषभर उंचीची काच घेऊन चार जिने चढेल, पण टवका उडू देणार नाही. लोकांच्या खिडक्या जपतो आणि स्वतःचं थोबाड मात्र ज्याला हवं त्यानं येऊन बडवावं. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. तर म्हणतो, "दाजी, एक खायचा, दोन द्यायचे." कप्पाळ माझं.

गेल्या वर्षी तर कहर झाला. डावीकडून येणारा एकेक ठोसा हा खायचाच. जिंकायचा, पण भोपळ्यासारखं तोंड घेऊन घरी यायचा. त्याला शिकवणारे मास्तर काठीनं त्याचं कोपर वर करून थकले. माझा घसा बसला. आणि बायको मलाच म्हणते, "तुम्ही नीट सांगत नसाल." मार खातो तिचा भाऊ आणि बोलणी मला.

मोठ्या लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी तो दाढीला आला. गाल गुळगुळीत असल्याशिवाय रिंगणात घेत नाहीत. संध्याकाळी डॉक्टरांची तपासणी होती. हे डॉक्टर भारी कडक. मागे एकाच्या ओठावर एवढीशी ताजी चीर दिसली, तर त्याला तसाच घरी पाठवला.

मी फेस लावत होतो. ब्रशवरून थोडा उडाला आणि त्याच्या डाव्या डोळ्याच्या कडेला बसला. पापणी हलली नाही. मी वस्तरा उघडून उजवीकडून जवळ नेला, तर डोळा मिटला. सगळ्यांचाच मिटतो. मग डावीकडून नेला, अगदी पापणीला लागेल इतका. हा आपला काल बसवलेल्या काचेबद्दल बोलतोय.

"किती दिवस दिसत नाही?" मी विचारलं.

तो म्हणाला, "वर्ष झालं. समोरचं दिसतं हो. कडेचंच नाही दिसत."

"आणि डॉक्टर?"

"ते समोरचा तक्ता वाचायला सांगतात. तो येतो मला वाचता."

वर्षभर ज्याला शिव्या घातल्या त्याला ठोसे दिसतच नव्हते. मला माझीच लाज वाटली, आणि त्याचा राग तर असा आला की वस्तरा खाली ठेवावा लागला.

"उद्या लढायचं नाही," मी म्हटलं.

"ताईला सांगू नका. एवढी एक लढत, मग दाखवतो डोळा. डॉक्टरांना सांगाल तर मी म्हणेन दाजी खोटं बोलतात, आणि तक्ता घडाघडा वाचून दाखवीन."

दाखवलाही असता. मी वस्तरा उचलून दाढी पुरी केली. मग म्हटलं, भुवईचे केस वाढलेत, मान वर कर. त्यानं केली. डावीकडून वस्तरा नेला, भुवईवर टेकवला आणि ओढला. बोटाच्या पेराएवढी चीर पडली. रक्त गालावर आलं तेव्हा त्याचा डावा हात वर गेला, अगदी मास्तरांनी शिकवला तसा. पण नेहमीसारखा उशिरा. तुरटी हाताशीच होती. मी उचलली नाही.

"काय केलंत हे, दाजी?"

"हात हलला," मी म्हटलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं. मी घरी बायकोला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं भावाला दंडाला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. आतला पडदा सुटत आला होता. आणखी एक जोराचा ठोसा बसला असता तर समोरचंही गेलं असतं, असं तिथं सांगितलं. पडदा बसवला. कडेचं गेलं ते गेलंच. ठोसेबाजी बंद झाली, काचा चालू आहेत.

माझ्याशी बोलत नाही. दाढी समोरच्या दुकानात करतो आणि सगळीकडे सांगतो, दाजींचा हात आता थरथरतो. निम्मी गिऱ्हाईकं गेली. बायको म्हणते, खरं काय ते सांगा की लोकांना. काय सांगू? मुद्दाम कापलं म्हणून? मग उरलेलीही जातील.

परवा तो दुकानासमोरून काच घेऊन चालला होता. डावीकडून एक सायकल भरधाव आली. मी दारातूनच ओरडलो, "डावीकडे बघ."

तो होता तिथेच थांबला. सायकल काचेला घासून निघून गेली. त्यानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, काच सावरली आणि चालू लागला. बारा वर्षं घसा फोडतोय मी. पहिल्यांदा ऐकलं मेल्यानं.